चंदनबाई आणि ताटलीतला बाण

जुन्या जालन्यात, धान्याच्या ठोक दुकानांच्या गल्लीत, नवरा अमृतलाल यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चंदनबाई राहतात. वय साठीच्या पुढं, अंगानं बारीक, पण आवाज असा की गॅलरीतून बोलल्या तर खाली पोती उचलणारे हमालही वर बघतात. त्यांच्या घरी गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब कुणाच्या तोंडाला लागत नाही. मुलानं, श्रेणिकनं, फिल्टरचं यंत्र बसवलं तरी हंड्याच्या तोंडावर दुहेरी पांढरं कापड ताणायचं ते ताणायचंच. गाळून झालं की कापड उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी ओतायचं आणि ते मागच्या आडात हळूच सोडायचं. कापडात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव आपल्या जागी परत गेले पाहिजेत म्हणून. या पाण्याला त्यांच्या घरात जीवाणी म्हणतात.

हे त्या आईकडून शिकल्या. जन्म धावड्याचा. भोकरदन तालुक्यातल्या त्या गावात त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. जैन घराणं, मूळ राजस्थानचं, पण येऊन इतक्या पिढ्या लोटलेल्या की चंदनबाई मारवाडी बोलतात ती मंदिरात आणि सोयऱ्यांत. रागावणं, हसणं, भाजीवाल्याशी भाव करणं, सगळं धावड्याच्या मराठीत.

"सुईच्या टोकावर अनंत जीव राहत असतेत," आई सांगायची. "दिसत न्हाईत म्हणून न्हाईतच असं समजू नको."

चंदनबाईंनी ते मानलं. पाहायला मिळेल असं मात्र त्यांना कधी वाटलं नव्हतं.

लग्नानंतर पहिल्या बाळंतपणाला त्या माहेरी धावड्याला गेल्या. मुलगा झाला. चांगला भरलेला, जन्मताच घर डोक्यावर घेणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दूध ओढणं सोडलं. अंग गार पडलं, श्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. वडिलांनी धावपळ करून जीप ठरवली. जीप गावाची शीव ओलांडायच्या आत मूल गेलं. अमृतलाल जालन्याहून निघाले होते ते लेकराला बघायला. पोचले तेव्हा बघायला काही उरलं नव्हतं.

बायकांनी आपापली कारणं सांगितली. कुणी म्हणालं दूध बाधलं, कुणी म्हणालं नजर लागली, एका म्हातारीनं तर मागच्या जन्माचं काढलं. चंदनबाईंनी कुणालाच उलटून उत्तर दिलं नाही. आपल्याच हातून काही तरी झालं असणार, हे त्यांनी मनाशी धरलं आणि मग त्याविषयी बोलणंच सोडलं. पुढं श्रेणिक झाला, बऱ्याच वर्षांनी कनिका झाली. दोघं मोठी झाली. त्या पहिल्या मुलाचं नाव ठेवलेलं नव्हतं, त्यामुळं त्याची आठवण काढायची तर कोणत्या नावानं, हेही त्यांना कळत नसे.

श्रेणिकचं लग्न ठरलं ते अंबडच्या मुस्कानशी. मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली, एका विश्वस्त संस्थेच्या प्रसूती रुग्णालयात प्रयोगशाळा सांभाळणारी. नोकरी सोडणार नाही, हे तिनं बघण्याच्या कार्यक्रमातच सांगून टाकलं.

"म्हंजे करती काय तू तिथं?" चंदनबाईंनी विचारलं.

"जिवाणू वाढवते, मम्मीजी. कोणता आहे ते ओळखते. मग कोणत्या औषधानं मरतो ते बघते."

"वाढवती बी अन् मारती बी?"

"हो."

चंदनबाईंनी दोन शब्द मनात शेजारी ठेवून पाहिले. जीवाणी आणि जिवाणू. एकीकडं त्या आयुष्यभर ज्यांना जपत आल्या ते, आणि दुसरीकडं ही सून. पण मुलगी सरळ बोलणारी होती आणि तेवढं त्यांना आवडलं. संध्याकाळी रुग्णालयातून आली की आधी आंघोळ, मग स्वयंपाकघर, एवढा एक नियम ठरला आणि दोघींचं जमून गेलं.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कनिका पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. नाव मुस्कानच्याच रुग्णालयात घातलं. तिथल्या मुख्य डॉक्टर राजनंदिनी मॅडम यांनी त्याच सुमारास एक नवी तपासणी सुरू केली होती. धडधाकट जन्मलेलं एखादं बाळ पहिल्या-दुसऱ्या दिवशीच अचानक मलूल पडतं, हे त्यांनी कितीदा तरी पाहिलं होतं. त्यामागं बऱ्याचदा एक ठरावीक जिवाणू असतो. तो आईच्या अंगात राहतो, आईला कळतही नाही, आणि जन्माच्या वाटेवर बाळाला गाठतो. म्हणून नववा महिना लागला की प्रत्येक गरोदर बाईच्या आतल्या जागेतून कापसाची काडी फिरवून घ्यायची आणि तो जिवाणू आहे का ते पाहायचं.

गावाकडून येणाऱ्या बऱ्याच बाया काडी बघूनच उठून जात. कनिकासुद्धा लाजली. मुस्काननं तिला काडी दिली, कशी फिरवायची ते समजावलं आणि पडद्याबाहेर थांबली.

घरी आल्यावर चंदनबाईंनी सुनेला गाठलं.

"माझ्या लेकीच्या अंगातून त्या काडीला लावून काय नेलं तू?"

"काय आलंय ते मलाही अजून माहीत नाही, मम्मीजी. उद्या या. बघा."

मुस्काननं मॅडमची परवानगी काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चंदनबाई डोक्यावर पदर घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या. चपला त्यांनी बाहेर काढल्या होत्या. मुस्काननं त्यांना आतल्या स्लीपर दिल्या, तोंडाला मास्क बांधायला दिला.

एका कपाटाचं दार तिनं उघडलं. आतून ऊब आली, तापलेली नाही, कुशीत घेतल्यावर जाणवते तेवढीच.

"माणसाच्या अंगाइतकी ऊब असते यात," मुस्कान म्हणाली. "जिवाणूंना वाटलं पाहिजे की आपण अजून आईतच आहोत."

मुस्काननं काचेच्या दोन नळ्या उजेडात धरल्या. एकीत बिनदुधाच्या चहासारखं नितळ पाणी होतं, जिवाणूंना खाऊ घालणारं. दुसरीत तसंच पाणी, पण गढूळ, हलवलं की आत धुरासारखं काही तरी फिरणारं.

"काल दोन्ही सारख्याच होत्या. या दुसरीत कनिकाची काडी बुडवली."

"मंग नासलं का ते?"

"नासलं नाही. भरलं."

चंदनबाईंनी नळी हातात घ्यायला हात पुढं केला आणि मागं घेतला. मुस्काननं ती त्यांच्या डोळ्यांसमोर धरून ठेवली. काल नितळ होतं, आज भरलंय. त्यात कुणी काही ओतलेलं नाही. जे आहे ते आपोआप वाढलेलं आहे, एकाचे दोन, दोनाचे चार होत. आईनं सांगितलेलं सुईचं टोक त्यांना आठवलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आई कमीच सांगत होती.

"पण हे तेच आहेत का, ते अजून कळायचंय," मुस्कान म्हणाली. "अंगात नाना तऱ्हेचे असतात. चांगले, वाईट, नुसतेच बसलेले. आता यातला थेंब ताटलीवर पसरवायचा."

त्या ताटल्या काचेसारख्या पारदर्शक, झाकणाच्या, तळहातात मावतील एवढ्या. आत लाल, थिजलेलं, जेलीसारखं काही.

"हे लाल काय हाय?"

मुस्काननं खरं ते सांगितलं. "मेंढीचं रक्त. कंपनीकडून तयार ताटल्या येतात."

चंदनबाईंचा चेहरा पडला. "मेंढी मारली?"

"नाही. मानेच्या शिरेतून सुईनं काढतात, आपण रक्तदान करतो तसं."

"मंग जगली ती?"

"जगली. चरायला गेली असेल."

चंदनबाई खूप वेळ त्या लाल ताटलीकडं बघत राहिल्या. कुठल्या माळावरच्या कुठल्या मेंढीचं हे. तिला काय ठाऊक, जालन्यातल्या एका बाईच्या लेकरासाठी आपण काय देऊन राह्यलो. त्यांनी तिथंच हात जोडले. मुस्काननं विचारलं नाही, कुणाला.

पुढच्या दिवशीही त्या गेल्या. आता ताटलीवर बारीक, करडे, ओलसर ठिपके उमटले होते आणि प्रत्येक ठिपक्याभोवती लाल रंग विरळ होऊन एक फिकट कडं पडलं होतं. एकेक ठिपका म्हणजे एकेका जिवापासून झालेली अख्खी वस्ती. मुस्काननं तारेच्या टोकानं एक ठिपका उचलला.

"आता शेवटचं. हे बघून ठेवा."

नव्या ताटलीच्या मधोमध तिनं दुसऱ्याच एका, ओळखीच्या जिवाणूची सरळ रेघ ओढली. मग कनिकाच्या ठिपक्याची एक आडवी रेघ त्या रेघेकडं नेली आणि भिडायच्या अगदी आधी थांबवली.

"टेकवली का न्हाई?"

"टेकवायची नसते. जवळ ठेवायची. मग ते एकमेकांना काय करतात ते उद्या बघायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चंदनबाई मंदिरातून परस्पर रुग्णालयात गेल्या. मुस्काननं झाकण न काढता ताटली खिडकीच्या उजेडात धरली.

लाल पृष्ठभागावर दोन रेघा वाढून पांढरट झाल्या होत्या. आणि त्या जिथं एकमेकींजवळ येत होत्या तिथं रक्ताचा लाल रंग पूर्ण नाहीसा झाला होता. उजेड थेट आरपार येत होता. त्या उजेडाला आकार होता. बाणाच्या टोकाचा. रेखून काढावा तसा सुबक, मधल्या रेघेकडं रोखलेला.

"हे तू काढलं?" चंदनबाईंनी विचारलं.

"मी दोन रेघा काढल्या. बाण त्यांनी काढला."

"रोज असाच निघतो?"

"आम्ही ज्याला शोधतोय तो असेल तर असाच निघतो. इथंही, मुंबईतही, परदेशातही. एकेकट्याला जमत नाही. दोघांच्या अंगातून निघणारं काही तरी मध्ये मिसळतं तेव्हाच रक्त असं विरघळतं."

चंदनबाईंच्या तोंडून णमोकार मंत्र सुरू झाला. त्यांना घाबरायला झालं नव्हतं. मंदिरातलं समवसरणाचं, तीर्थंकरांच्या धर्मसभेचं, मोठं चित्र बघताना होतं तसं काही तरी झालं होतं. डोळे भरून आले होते, आणि कुठं बघावं ते सुचत नव्हतं. ज्यांच्यासाठी जन्मभर पाणी गाळलं, त्यांची वळणदार सही आज समोर होती. त्यांना डोळे नाहीत, हात नाहीत, आणि तरी ते असं करतात.

मग त्यांनी विचारलं, "हे माझ्या कनिकाला खाऊन राह्यले का?"

"नाही, मम्मीजी. नुसते राहून राह्यलेत. कितीतरी बायांत असतात. येतात, जातात. तिला काहीच त्रास नाही. आज औषध दिलं तरी परत येतील, म्हणून आज द्यायचं नाही. कळा सुरू झाल्या की सलाईनमधून पेनिसिलिन द्यायचं. ते बाळापर्यंत पोचतं."

"अन् न्हाई दिलं तर?"

"बहुतेक बाळांना तरीही काही होत नाही. एखाद्याला होतं. छातीत, रक्तात उतरतं. दूध पीत नाही. अंग गार पडतं. कण्हतं."

चंदनबाई शेजारच्या स्टुलावर बसल्या. इतकी वर्षं आत ठेवलेली गोष्ट त्यांनी सुनेला त्या खोलीत, औषधांच्या वासात, पहिल्यांदा सांगितली. भरलेलं बाळ, दुसरी सकाळ, जीप. आणि शेवटी विचारलं, "मग त्याला माझ्याचकडून गेलं का गं हे?"

मुस्काननं ताटली खाली ठेवली, हातमोजे काढले आणि त्यांच्यासमोर बसली.

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही. दुसरंही काही असू शकतं. पण असलंच हे, तरी तुम्ही काही केलं नव्हतं. तुम्ही त्याला जन्म दिला, एवढंच. धावड्यात तेव्हा हे कळायचा रस्ताच नव्हता."

"मी काही केलं न्हाई," चंदनबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी प्रश्नासारखं म्हटलं होतं की नाही, ते मुस्कानला आजही सांगता येत नाही.

संध्याकाळी कनिकाला निकाल कळला तेव्हा ती रडायला लागली. "भाभी, माझ्यात घाण आहे का?"

मुस्कान बोलायच्या आत चंदनबाई बोलल्या. "घाण बिलकुल न्हाई. जीव हायत. मी माझ्या डोळ्यांनी पाहून आल्ते. त्यांचं ते राहून राह्यले, तुझं तू राहा. फक्त लेकरू बाहेर येताना रस्ता मोकळा करायचा."

कळा भर दुपारी सुरू झाल्या. बाळ जन्मायच्या चारेक तास आधी तरी औषध सुरू झालं पाहिजे, हे चंदनबाईंनी पाठ करून ठेवलं होतं. एरवी त्या म्हणाल्या असत्या, बघू थोडं थांबून. आज त्यांनी थांबू दिलं नाही. कनिकाला रिक्षात बसवलं आणि रिक्षा गल्लीच्या तोंडाशी अडकली. पुढं सोयाबीनचा ट्रक रिकामा होत होता, बाजूला हातगाडा आडवा, मागं मोटारसायकली.

अमृतलाल म्हणजे शांत माणूस. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकावर आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. ते दुकानातून उतरले, स्वतःच्या हातांनी हातगाडा ओढून बाजूला केला आणि ट्रकवाल्यावर असे ओरडले की अख्ख्या गल्लीनं वळून पाहिलं. "जल्दी काढ! माझी लेक हाय रिक्षात!" ट्रक मागं सरला. रिक्षा निघाली, आणि अमृतलाल पांढऱ्या पायजम्यात तिच्यापुढं चौकापर्यंत रस्ता मोकळा करत चालत गेले.

रुग्णालयात राजनंदिनी मॅडमनी कनिकाला कुठल्या औषधाची ॲलर्जी नाही ना ते विचारून घेतलं आणि सलाईन लावलं. चंदनबाई पलंगाशेजारी उभ्या राहून थेंब पडताना बघत होत्या. या थेंबांनी काय होणार ते त्यांना माहीत होतं. तो बाण काढणारे जीव आता मरणार होते. त्यांनी मनातल्या मनात क्षमा मागितली, आणि तरीही एकेक थेंब जल्दी पडो असं त्यांना वाटत होतं. दोन्ही खरं होतं.

बाहेरच्या बाकावर त्या अमृतलाल यांच्याशेजारी येऊन बसल्या. "आपल्या पहिल्याला बी हेच झालं असंल का वो?"

अमृतलाल म्हणाले, "श्रेणिकची आई, मला तर त्याचं तोंडसुद्धा पाहायला भेटलं न्हाई." एवढ्या संसारात ते हे पहिल्यांदाच बोलत होते. चंदनबाईंनी त्यांना सांगितलं मग. केस किती होते, कान कसे होते, मूठ कशी आवळून धरायचा. अमृतलाल मान हलवत ऐकत राहिले.

दिवेलागणीला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चंदनबाई खोलीत शिरल्या तेव्हा त्यांचे पाय दाराशीच थबकले. कनिकाच्या कुशीत बाळ होतं, गुलाबी, ऊबदार, आणि अशा आवाजात चोखत होतं की ते खोलीभर ऐकू येत होतं. परिचारिका तापमान बघून गेली, मॅडम छाती तपासून गेल्या. सगळं बराबर. चंदनबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि ते चोखणं ऐकत राहिल्या. चहा गार झाला तरी त्या हलल्या नाहीत.

त्यानंतर त्यांनी स्वतःहून मॅडमना विचारलं, "त्या उठून जाणाऱ्या बायांशी मी बोलू का?" मॅडम म्हणाल्या, "बोला. तुमचं ऐकतील."

तेव्हापासून गरोदर बायांच्या तपासणीच्या दिवशी चंदनबाई बाहेरच्या बाकावर असतात. सगळ्या ऐकतात असं नाही. काही आजही उठून जातात, आणि त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडं चंदनबाई बघत राहतात.

एकदा धावड्याहून बेबीनंदा नावाची सून आणि तिची सासू साळूबाई आल्या. गावाचं नाव ऐकताच चंदनबाई सरकून त्यांच्याजवळ गेल्या. साळूबाईंनी काडीचं ऐकून पदर तोंडाला लावला होता.

"आमच्यात आसं काय करीत न्हाईत, बाई. धा बाळंतपणं केली मी गावात."

"मी बी धावड्याचीच," चंदनबाई म्हणाल्या. "माझं पहिलं तिथंच गेल्तं." आणि त्यांनी सांगितलं. हळू आवाजात, काही न लपवता. साळूबाईंच्या तोंडावरचा पदर खाली आला. बेबीनंदा उठली आणि काडी घ्यायला पडद्याआड गेली.

तिचा निकाल आला तेव्हा ताटलीवर बाण उमटलाच नव्हता.

"म्हंजी फुकटच लाजली का माही सून?" साळूबाईंनी विचारलं.

"फुकट कशी? न्हाई हे कळलं, ते बी कळणंच हाय," चंदनबाई म्हणाल्या.

साळूबाईंचं समाधान झालेलं दिसलं नाही. मग मुस्काननं त्यांना काचेच्या खिडकीपाशी बोलावलं. नाव झाकलेली, पट्टी लावून बंद केलेली दुसरीच एक ताटली तिनं आतून उजेडात धरली. साळूबाईंनी कपाळ काचेला टेकवलं. लालात उमटलेलं ते आरपार टोक त्यांनी पाहिलं.

"काय हाय ते?" त्यांनी चंदनबाईंना विचारलं, देवळात विचारावं इतक्या हळू.

"जीव हायत. आपल्यातच राहतेत."

"माझ्यात बी आसतील?"

"कुणाला ठाऊक. आज आसतील, उद्या नसतील."

साळूबाईंनी पोटावर हात ठेवला, आणि सून हाका मारत होती तरी त्या काचेपासून हलल्या नाहीत.